ठासणीच्या रायफलीची पाचर वारंवार सैल होते? नळी आणि दस्त्याच्या जोडाची तपासणी

ही नोंद ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी भरायची पारंपरिक अमेरिकी धाटणीची रायफल स्वतः बांधणाऱ्यांसाठी आहे. या रायफलींत नळी दस्त्याला, म्हणजे लाकडी अंगाला, धरून ठेवायला आडव्या पाचरी किंवा पिना असतात. पाचर म्हणजे लोखंडाची चपटी पट्टी. ती दस्त्याच्या एका बाजूने आत शिरते, नळीखालच्या लगच्या खाचेतून जाते आणि दुसऱ्या बाजूला निघते. लग हा नळीच्या पोटाला बसवलेला लहानसा खाचेचा तुकडा. बिघाड बहुतेक वेळा याच जोडात असतो, आणि तो दुरुस्त करूनही पुन्हापुन्हा उद्भवतो, कारण दुरुस्ती चुकीच्या जागी झालेली असते.

लक्षणं

पाचर अंगठ्याने ढकलली तरी निघते. दहा-पंधरा बार झाले की तिचं डोकं दोन-तीन मिलिमीटर बाहेर आलेलं दिसतं. सफाईसाठी नळी काढून परत बसवली की गोळ्या एकमेकींजवळच पडतात, पण सगळा पुंजका दुसरीकडे सरकलेला असतो. नळी तापत जाईल तशा गोळ्या उभ्या रेषेत वर किंवा खाली सरकत जातात. नळीच्या टोकाशी, नळी आणि लाकूड यांच्यामध्ये कागद सरकतो. नळीखाली दस्त्यातल्या भोकात ठेवायचा ठासायचा गज पाचरीच्या जागी येऊन अडतो किंवा त्यावर ओरखडे दिसतात. खाचेच्या कोपऱ्यातून लाकडाच्या रेषांबरोबर केसाएवढी भेग निघते. खाचेभोवतीची पितळी किंवा जर्मन सिल्व्हरची चकती, जिला एस्कचन म्हणतात, एका बाजूने उचलली जाते.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसतात तेव्हा पाचर ठोकून घट्ट करण्याचा मोह आवरा. पाचरीचं काम एकच: नळीला खाली, दस्त्यातल्या पन्हळीत ओढून धरणं. नळीला मागे-पुढे रोखणं तिचं काम नाही, ते ब्रीचचं (नळीच्या मागच्या बंद टोकाचं) आणि टँगचं (ब्रीचमागून दस्त्यावर स्क्रूने बसणाऱ्या धातूच्या पट्टीचं) काम आहे. पाचर सैल होते तेव्हा बहुतेक वेळा तिच्यावर दुसऱ्याच भागाचा भार येऊन पडलेला असतो. खालच्या सगळ्या तपासण्या तो भार कुठून येतो हे शोधण्यासाठी आहेत.

हात लावण्याआधी

रायफल रिकामी आहे हे गजाने मोजून पाहा, आठवणीवर विसंबू नका. टोपीची रायफल असेल तर निपलवरची, म्हणजे घोडा आदळतो त्या बोंडीवरची, टोपी काढा. चकमकीची असेल तर कान (बत्तीच्या छिद्राशेजारची वाटी) उघडून त्यातलं रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू, पुसून टाका. गज नळीत तळापर्यंत सोडा आणि तोंडाशी पेन्सिलीने खूण करा. मग गज बाहेर काढून नळीला लागून धरा. खूण तोंडाशी जुळवली की गजाचं टोक ब्रीचच्या तोंडापर्यंत, म्हणजे साधारण बत्तीच्या छिद्रापर्यंत पोहोचायला हवं. ते दोन-तीन सेंटिमीटर अलीकडेच राहत असेल तर नळीत भरणा आहे असं समजा आणि इथेच थांबा. तो काढणं जाणकाराचं काम आहे.

भारतातल्या वाचकांसाठी: 1959 च्या शस्त्र कायद्याखाली बंदूक बनवायला आणि दुरुस्त करायलाही परवाना लागतो. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत. त्यांच्या बाबतीत खालचं वर्णन बिघाड ओळखण्यापुरतं वापरा आणि काम परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्या. अमेरिकेच्या संघीय कायद्यात काळ्या दारूच्या ठासणीच्या रायफलींना बरीच सूट आहे, पण राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत. आधी ते पाहून घ्या.

तपासणी 1: पाचरी आपापल्या जागी आहेत का?

याला काहीच खर्च नाही, आणि दोन पाचरींच्या रायफलीत ही चूक सर्रास होते. हाताने बसवलेल्या पाचरी दिसायला सारख्या असल्या तरी प्रत्येकीला स्वतःच्याच खाचेप्रमाणे कानसलेलं असतं. पुढची मागे गेली, किंवा तीच पाचर उलटी, म्हणजे पोट वर करून घातली, तर एक सैल बसते आणि दुसरी ठोकावी लागते. पाचरीच्या खालच्या बाजूला पंचने पुढचीला एक ठिपका आणि मागचीला दोन ठिपके द्या. ठिपके नेहमी खाली, गजाकडे. ती कोणत्या बाजूने घालायची हेही ठरवून घ्या आणि कायम त्याच बाजूने घाला.

तपासणी 2: घाण

हूक ब्रीच म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला आकडा आणि दस्त्यावर कायम बसवलेल्या टँगमध्ये त्या आकड्याचं घर. काळ्या दारूची राख ओलावा ओढून घेते, तिथे गंज धरते आणि तेलाबरोबर त्याचा घट्ट लेप होतो. या लेपाने आकडा पूर्ण खाली बसत नाही, नळी मागच्या बाजूने किंचित उचललेली राहते आणि पुढची पाचर ती ओढायला जाते. कोमट पाणी, बांबूची टोकदार काडी, कोरडी चिंधी, शेवटी तेलाचा हलका हात. पन्हळीत साचलेलं मेण आणि वाळलेलं जवसाचं तेलही खरवडून काढा. बांधणी करताना ओघळलेले थेंब तिथे सुकून खड्यासारखे कडक झालेले असतात.

तपासणी 3: लाकूड आणि हवा

हिवाळ्यात पाचर सैल आणि दमट उन्हाळ्यात घट्ट होत असेल तर तो बिघाड असेलच असं नाही. पाचर नळीला खाली ओढते तेव्हा पाचरीच्या वर आणि नळीच्या तळाखाली असलेला लाकडाचा पातळ थर दाबला जातो. हा थर काही मिलिमीटरचाच असतो. घरात हीटर सुरू झाले की लाकूड सुकतं आणि हा थर काही शतांश मिलिमीटरने आक्रसतो. पाचर घट्ट राहणं आणि न राहणं यातलं अंतरही तेवढंच असतं. म्हणून कोरड्या दिवसांत पाचर वाकवून करकचून बसवली तर दमट दिवसांत लाकूड फुगून स्वतःच चिरडलं जातं, आणि पुढच्या हिवाळ्यात पाचर आणखी सैल होते. वारंवार येणाऱ्या तक्रारीचं हे सर्वांत सामान्य चक्र आहे.

उपाय स्वस्त आहे. पन्हळीचा तळ आणि खाचेच्या आतल्या भिंती तपासा. बाहेरून सुंदर पॉलिश केलेल्या कित्येक दस्त्यांत आतलं लाकूड कोरडंच सोडलेलं असतं. आत पातळ केलेल्या तेलाचे किंवा सीलरचे दोन-तीन हात द्या, मधे पूर्ण वाळू द्या. ओलावा आत-बाहेर जायचं थांबत नाही, पण मंदावतो, आणि तेवढं पुरतं.

तपासणी 4: काजळीची परीक्षा

हिला मेणबत्ती आणि दहा मिनिटं लागतात, आणि जोडाचं बरंचसं दुखणं हिच्यातच दिसतं. पाचर ज्योतीवर धरून दोन्ही बाजूंना काजळी धरा, ती गार झाली की नीट सरळ घाला आणि सरळच बाहेर ओढा. काजळी कुठे पुसली गेली ते पाहा.

बरोबर बसलेल्या पाचरीवर वरच्या बाजूला दोन्ही टोकांजवळ खुणा असतात, कारण तिथे ती लाकडाला वर ढकलते. खालच्या बाजूला मधोमध खूण असते, तिथे ती लगच्या खालच्या दांडीवर दाब देते. म्हणजे टोकं वर रेटतात, मध्य खाली दाबतो, आणि नळी पन्हळीत बसते.

मधोमधची खूण वरच्या बाजूला असेल तर पाचर नळीला उचलते आहे. पाचर उलटी घातली आहे किंवा चुकीच्या दिशेने वाकली आहे. खुणा फक्त एका टोकाला असतील तर लाकडातली खाच तिरपी आहे. खुणा फक्त एस्कचनच्या कडेला असतील तर सगळा भार पातळ पत्र्यावर आणि त्याच्या दोन बारीक स्क्रूंवर आहे, म्हणून तो उचलला जातो. एस्कचन खाचेची कड जपण्यासाठी असतं, भार लाकडाने घ्यायला हवा. सुई कानसेने एस्कचनची भोकं कागदाच्या जाडीएवढी मोकळी करा. घाई करू नका, चार घासे मारून पुन्हा काजळी धरा.

तपासणी 5: पाचरीचा बाक

पाचर सरळ पट्टीला लावून पाहा. चांगल्या पाचरीला किंचित बाक असतो आणि तोच तिची पकड असतो. बाक नाहीसा झाला असेल तर कठीण लाकडाचे दोन ठोकळे चारेक सेंटिमीटर अंतरावर ठेवून त्यांवर पाचर आडवी ठेवा आणि पितळी हातोडीने मध्यावर हलके ठोके द्या. पोट खाली, म्हणजे गजाच्या दिशेने यायला हवं. सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. 0.3 ते 0.4 मिलिमीटर पुष्कळ झालं. पाचर अंगठ्याने तीन चतुर्थांश आत जावी आणि उरलेली हातोडीच्या मुठीच्या दोन टिचक्यांनी.

अर्ध्या मिलिमीटरहून जास्त बाक द्यावा लागत असेल तर दोष पाचरीत नाही, पुढच्या तपासण्यांकडे वळा. पाचर पाणी देऊन कडक करू नका. झिजायचं असेल तर साध्या पोलादाच्या पाचरीने झिजावं. लग झिजला तर दुरुस्ती फार महाग पडते. आणखी एक गैरसमज: काही पाचरींना लांबट चीर असते आणि त्यातून खालून एक बारीक पिन जाते, त्यामुळे पाचर पूर्ण निघत नाही. ती पिन पाचर हरवू नये यासाठी आहे. पाचर सैल झाली तर ती घट्ट करणार नाही.

तपासणी 6: लग हलतो का, आणि त्याची खाच पुरेशी लांब आहे का?

नळी काढून उलटी ठेवा. लगच्या मुळाशी पातळ तेलाचा थेंब सोडा, चामड्यात गुंडाळलेल्या पकडीने लग धरून हलकेच मागे-पुढे करा. तेलात बुडबुडे आले किंवा तेल आत-बाहेर झालं तर डव्हटेलमध्ये, म्हणजे नळीत कापलेल्या तिरप्या कडांच्या खाचेत, लग सैल आहे. डोळ्यांना न दिसणारी हालचालही या थेंबात दिसते.

सैल लग दोन प्रकारे बसवता येतो. एक, डव्हटेलची वरची कड बोथट पंचने हलकी दाबून. दुसरा, कथलाने झाळून. कथलाची डाक साधारण 200 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, तेवढ्या उष्णतेने नळीचं पोलाद बिघडत नाही. चांदीची डाक किंवा वेल्डिंग यांना याहून कितीतरी जास्त उष्णता लागते. घरी नळीवर ते करू नका.

डव्हटेल खोल करून नवा लग बसवायचा विचार असेल तर आधी हिशेब मांडा. 15/16 इंची, म्हणजे 23.8 मिलिमीटर अष्टकोनी नळी आणि .50 कॅलिबर, म्हणजे 12.7 मिलिमीटरचं भोक असेल तर भिंत 5.5 मिलिमीटर. त्यात दीड मिलिमीटरचं डव्हटेल काढलं की चार राहिले. पण मध्ये बारीक होत जाणाऱ्या, स्वॅम्प्ड नळीत कमरेची रुंदी 20 मिलिमीटरच्या आसपास असू शकते. तिथे मुळातच भिंत चारच्या आत आणि डव्हटेलनंतर अडीचच्या आत जाते. अशा नळीवर कानस लावण्याआधी ती बनवणाऱ्याला विचारा. उत्तर मिळेपर्यंत थांबा.

आता खाचेची लांबी. लगमधली खाच पाचरीच्या रुंदीपेक्षा नळीच्या दिशेने जास्त लांब असायला हवी, दोन्ही बाजूंना सुमारे एक-एक मिलिमीटर. कारण असं: मीटरभर लांबीची पोलादी नळी 30 अंशांनी तापली की सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर लांबते. दस्ता मात्र तसा लांबत नाही, आणि हवेतल्या ओलाव्याने तो त्याच्या चालीने हलतो. कर्ली मेपलमध्ये तंतू लाटांसारखे असतात, म्हणून ते लांबीतही सरळ तंतूंच्या अक्रोडापेक्षा जास्त हलतं. खाच आखूड असेल तर तापलेली नळी पाचरीला पुढे ढकलते, पाचर लाकडाला, आणि गोळ्या उभ्या रेषेत चढत जातात. खाचेच्या कोपऱ्यातली भेगही बहुधा इथूनच सुरू होते. लगची खाच सुई कानसेने लांब करा, पण फक्त लांबीत. खालच्या दांडीला कानस लागू देऊ नका, पाचर तिच्यावरच टेकते.

तपासणी 7: हूक ब्रीच

पाचरी बाहेर काढा, नळी आकड्यात अडकवून खाली बसवा, मग तोंडाकडचं टोक धरून मागे-पुढे ढकला. ‘टक’ असा आवाज येतो का? आकडा घरात खेळतो आहे. प्रत्येक बाराला नळी त्या फटीएवढी सरकते आणि पाचरीला हिसका बसतो. मग पाचर कितीही वाकवा, ती पुन्हा सैल होणारच. आकड्यावर काजळी धरून त्याचा मागचा पूर्ण उभा चेहरा टेकतो का ते पाहा. एकाच कोपऱ्यात टेकत असेल तर दोष जुळणीचा आहे.

इथे घरगुती काम थांबतं. पातळ पत्र्याची पट्टी घालून फट भरणं काही दिवस चालतं, मग ती पट्टी चेपली जाते आणि फट होती तिथेच राहते. आकड्यावर धातू चढवून पुन्हा जुळवणं किंवा टँग नव्याने बसवणं हे बंदूक-कारागिराचं काम आहे.

तपासणी 8: पन्हळ आणि लाकूड

पाचर अर्धी घालून नळीच्या टोकाजवळची फट फीलर गेजने मोजा, मग पाचर पूर्ण ठोका आणि पुन्हा मोजा. फट 0.2 मिलिमीटरहून जास्त मिटली तर पाचर नळीला वाकवते आहे. पन्हळीत मध्ये कुठेतरी उंचवटा आहे आणि नळी त्यावर सीसॉसारखी झुलते. नळीच्या तळाला काजळी लावून बसवा, लाकडावर काळा डाग उठेल तिथेच पटाशीने अगदी पातळ सालपट काढा, पुन्हा बसवा. बराच वेळ लागतो, पण हा उपाय कायमचा आहे.

भेग एस्कचनच्या कडेच्या आत असेल तर पातळ सुपरग्लू केशाकर्षणाने आत ओढला जातो. पाचर काढून, भेग हलकेच उघडून थेंब सोडा आणि चोवीस तास दाबून ठेवा. त्याआधी भेग का पडली ते तपासणी 6 मध्ये पाहिलेलं असायला हवं, नाहीतर शेजारी दुसरी पडेल. भेग पन्हळीपर्यंत किंवा गजाच्या भोकापर्यंत गेली असेल तर कारागिराकडे न्या.

नव्या बांधणीत: पाचर की पिन?

हा बिघाड पुष्कळदा बांधणीच्या पहिल्या दिवशीच ठरलेला असतो. अठराव्या शतकातल्या पेन्सिल्व्हेनियाच्या लांब रायफलींत पिनांची रीत होती: नळीच्या तोंडापर्यंत जाणारा नाजूक पूर्ण दस्ता, न निघणारं ब्रीच, तीन-चार बारीक पिना. सेंट लुईसच्या जेकब आणि सॅम्युएल हॉकेन या भावांच्या अर्धदस्ती, म्हणजे नळीच्या अर्ध्यापर्यंतच लाकूड असलेल्या, रायफलींत मात्र जाड लाकूड, हूक ब्रीच आणि दोन पाचरी. दोन्ही बरोबर, कारण प्रत्येक जोड आपल्या दस्त्याला शोभणारा आहे. घोळ तेव्हा होतो जेव्हा हॉकेनच्या पाचरी पेन्सिल्व्हेनियाच्या दस्त्यात घालायचा हट्ट होतो.

मोजमाप घ्या. नळीच्या तळापासून गजाच्या भोकापर्यंत लाकूड किती आहे? नाजूक दस्त्यात ते तीन मिलिमीटरच्या आसपास असतं. त्यात अडीच मिलिमीटर जाडीची पाचर घातली तर वर-खाली मिळून अर्धा मिलिमीटर लाकूड उरलं. ते फुटणार, आणि गज पाचरीला घासणार. तिथे 1.6 मिलिमीटरची पिनच योग्य. पाच-सहा मिलिमीटर लाकूड असेल तर पाचर सुखाने बसते.

दुसरा प्रश्न: सफाईला नळी प्रत्येक वेळी काढणार का? हूक ब्रीच असेल तर काढली जाणारच, मग पाचर हवी. पिना वारंवार ठोकून काढल्या की लाकडातली भोकं मोठी होतात; स्थिर ब्रीचच्या रायफलीत नळी दस्त्यातच ठेवून साफ करायची रीत आहे, आणि ती शहाणपणाची आहे. स्थिर ब्रीचला पाचरी लावून काही साधत नाही, टँगचा स्क्रू काढल्याशिवाय नळी निघतच नाही.

पिन निवडली तर लगमधलं भोकही लांबट करा, कारण वर सांगितलेलं तापण्याचं गणित तिलाही लागू आहे. लाकडातलं भोक लगच्या भोकापेक्षा 0.1 ते 0.2 मिलिमीटर खाली ठेवलं तर पिन नळीला खाली ओढते. पाचर निवडली तर खाच एका बाजूने आरपार पाडू नका. दोन्ही बाजूंनी दोन मिलिमीटरच्या भोकांची रांग पाडत मध्ये लगपाशी भेटा, खाच मुद्दाम अरुंद ठेवा आणि पातळ कानसेने काजळी पाहत पाहत मोकळी करा. एस्कचन शेवटी, पाचर नीट बसल्यावर.

कारागिराकडे कधी जायचं

आकडा खेळतो; भेग पन्हळीत किंवा गजाच्या भोकात उतरली; नळीवर नवं डव्हटेल, वेल्डिंग किंवा चांदीची डाक लागणार; ब्रीच प्लग (नळीचं मागचं टोक बंद करणारं बूच) हलतो किंवा त्याच्या सांध्यातून काळा धूर झिरपल्याच्या खुणा आहेत. यांपैकी काहीही असेल तर रायफल वापरायची थांबवा. आणखी एक परीक्षा न चुकता करा: गजाला घट्ट बसणारी तेलकट चिंधी लावून ती नळीत संथपणे सरकवा. लगच्या जागी अचानक सैल किंवा आवळल्यासारखं वाटलं तर तिथे नळीचं भोक बिघडलेलं असू शकतं. त्या नळीतून पुढचा बार जाणकाराने पाहिल्याशिवाय उडवायचा नाही.

अमेरिकेत असाल तर साधं आधुनिक बंदूक-दुकान या कामाला फारसं उपयोगी पडत नाही. ठासणीच्या रायफली बांधणारा कारागीर शोधा. 1933 साली स्थापन झालेली नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी स्पर्धा भरवते, तिथे अशी माणसं भेटतात. जाताना नळी, दस्ता, सगळ्या पाचरी, आणि काजळीच्या खुणा न पुसता घेऊन जा. बिघाड कोरड्या हवेत होतो की दमट, नळी थंड असताना की तापल्यावर, हे सांगा. पाचर आधीच वाकवलेली किंवा एस्कचन कानसलेलं असेल तर तेही सांगा, म्हणजे झीज कुठली आणि कानस कुठली हे त्याला वेगळं करता येईल.